टॅरोत कपांची सत्ती निघाली. चांगला पत्ता की वाईट?

सुईदोरा:
नमस्कार मंडळी. टॅरोबद्दल, म्हणजे भविष्य बघायच्या त्या चित्रांच्या पत्त्यांबद्दल विचारायचं आहे. विश्वास ठेवावा की नाही यावर भांडायचं असेल तर खुशाल भांडा, पण आधी माझं तेवढं सोडवा.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. घरीच ब्लाऊज शिवते, आरी वर्क (हुकासारख्या सुईनं भरतकाम) करते. मिस्टर गोकुळ शिरगावला कारखान्यात सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनवर आहेत. वडिलांच्या मागं गावाकडच्या जमिनीची वाटणी झाली. भावांनी कुरकुर न करता माझा हिस्सा दिला (हे मुद्दाम लिहिते, कारण असं फार ऐकायला मिळत नाही) आणि माझ्या खात्यावर आठ लाख आले. तेव्हापासून जो घरी चहाला येतो तो त्या आठ लाखांचं काहीतरी करून दाखवतो. राजारामपुरीत गाळा घेऊन बुटीक टाक. गावाबाहेर टू बीएचके बुक कर (बिल्डिंग अजून कागदावरच आहे). मिस्टरांच्या मित्राबरोबर भागीदारीत जुनं लेथ घे. राहिलेलं बी.एड. कर. आरी शिकवायचा यूट्यूब चॅनल काढ. जाऊबाई एका स्कीमचं सांगतात, महिन्याला पाच टक्के. आणि माझी एक मैत्रीण म्हणते टॅरोचाच कोर्स कर, तुझ्यात शक्ती आहे.

तर याच मैत्रिणीनं रंकाळ्यावर भेळ खाता खाता माझ्यासाठी पत्ता काढला. निघाला सेव्हन ऑफ कप्स, म्हणजे कपांची सत्ती. सात कप, प्रत्येकात वेगळं चित्र. ती म्हणाली, सात कप भरलेत, भाग्य उतू चाललंय, एकही सोडू नकोस. ओळखीतल्या दुसऱ्या एकीला फोटो पाठवला तर ती म्हणाली ही भूल आहे, सध्या कशालाच हात लावू नकोस. मग मी मोबाईलवरच्या ॲपमध्ये काढून बघितला, तर तोच आला आणि तोही उलटा.

आता कुणाचं खरं धरू? आणि प्रत्येक कपातलं चित्र आपल्या एकेका गोष्टीला लावायचं असतं का? मी लावून बघितलं. किल्ला म्हणजे फ्लॅट, दागिने म्हणजे स्कीम, पानांचा मुकुट म्हणजे यूट्यूब, माणसाचं तोंड म्हणजे लेथवाला भागीदार, पांघरूण घेतलेली बाई म्हणजे टॅरोचा कोर्स, आणि ड्रॅगन म्हणजे राजारामपुरीचं गाळ्याचं भाडं. शेवटी साप आणि बी.एड. एवढंच शिल्लक राहिलं.

बिंदूचौकी:
टॅरोतले कप म्हणजे आपल्या पत्त्यातले बदाम, असं लावतात म्हणे. म्हणजे ही बदाम सत्तीच की ओ ताई! सुट्टीत खेळलाय न्हवं? ती खाली पडल्याशिवाय डावच सुरू होत नाही. ज्याच्या हातात येते त्यानं ती दाबून बसायची नसते, टाकायची आणि पुढच्याला खेळू द्यायचं. तुमची मैत्रीण काय म्हणते आणि ॲप काय म्हणतंय यात डाव अडकलाय.

(मला टॅरोतलं ओ की ठो कळत नाही. जाणकार येतीलच.)

शुक्रवारपेठकर:
मी बरीच वर्षं टॅरो बघते, क्लासही घेते, त्यामुळं थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे तुम्ही प्रश्न काय विचारला होता? 'माझं काय होणार' हा प्रश्न वेगळा आणि 'या पैशाचं मी काय करू' हा वेगळा. भेळ खाता खाता प्रश्नच न ठरवता काढलेला एक पत्ता म्हणजे मूड, त्याला उत्तर म्हणता येत नाही. मांडणीत (म्हणजे ठरलेल्या जागांवर अनेक पत्ते मांडून बघताना) तो 'अडथळा' या जागी आला तर एक वाचन, 'सल्ला' या जागी आला तर दुसरं.

दुसरं, मैत्रिणीनं सांगितलेला 'भाग्य उतू चाललंय' हा अर्थ मला कुठल्याच जुन्या परंपरेत सापडत नाही. तुमच्याकडचं चित्र रायडर डेकचं (डेक म्हणजे पत्त्यांचा संच) दिसतंय. हा डेक १९०९ साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. दोघंही गोल्डन डॉन नावाच्या गूढविद्येच्या मंडळातले. त्या मंडळात या पत्त्याला जे नाव होतं त्याचा अर्थ साधारण 'भासमान यशाचा स्वामी' असा होतो, आणि त्याला वृश्चिकेच्या शेवटच्या दहा अंशांतला शुक्र जोडलेला आहे. पुढं अलिस्टर क्रॉली या गूढविद्यावाल्याच्या थॉथ डेकमध्ये फ्रीडा हॅरिस यांनी हाच पत्ता रंगवला, त्यात कमळांतून हिरवट चिकट काहीतरी कपांत ठिबकताना दिसतं आणि नाव दिलंय ते 'अतिभोग' अशा अर्थाचं. भरभरून सुख दाखवायचं असेल तर कपांची नव्वी आणि दश्शी आहेत की. सत्ती कशाला लागते?

वेट यांचं म्हणणं बरंच सौम्य आहे. कल्पना, भावना, चिंतनाच्या आरशात दिसणाऱ्या गोष्टी. त्या पातळीवर काही हाती लागेलही, पण टिकाऊ असं काही सुचवलेलं नाही. उलटा आला तर इच्छा, निश्चय, एखादा बेत. म्हणजे तुमच्या ॲपमधला उलटा पत्ता सुलट्यापेक्षा बरा. उलटा म्हटलं की लोक उगीच घाबरतात.

एक सावधगिरी. 'वृश्चिकेतला शुक्र' वाचून पत्रिका काढून बसू नका. ती रास पाश्चात्त्य सायन पद्धतीची (वसंतसंपातापासून मोजलेली) आहे. आपली पंचांगं निरयन (ताऱ्यांच्या आधारानं मोजलेली), दोन्हींत साधारण २४ अंशांचा फरक पडतो. ही भेसळ करून लोकांना घाबरवणारे आपल्या गावात कमी नाहीत.

पडदेवाला:
शुक्रवारपेठकर बाईंनी परंपरा नीट सांगितली. मला भविष्यातलं काही कळत नाही, चित्रातलं थोडंफार कळतं. ड्रॉइंग मास्तर म्हणून रिटायर झालो. त्याआधी उमेदवारीत एका पेंटरकडं सिनेमाचे बोर्ड आणि नाटकाचे पडदे रंगवले. मुलानं हा डेक पुण्याहून आणला तेव्हापासून तो माझ्याच टेबलावर आहे. पत्ते काढत नाही, बघत बसतो.

ताई, तो पत्ता जरा हातात घ्या आणि कपांकडं नंतर बघा. आधी खालचा माणूस. पाठमोरा आहे आणि संपूर्ण काळा. का, तर उजेड समोरच्या देखाव्यातून येतोय आणि हा त्याच्या आड उभा आहे. एक हात वर आहे. तो हात घ्यायला उचललाय की दचकून, ते चित्र काढणाऱ्या स्मिथबाईनं सांगितलेलं नाही. आता कप. वर तीन, खाली चार, सगळे एकाच मापाचे, एकाच धातूचे. कुठलाही पुढं नाही, कुठलाही मागं नाही. जिला तुमच्याकडून निवड करून घ्यायची असती तिनं एक कप थोडा पुढं आणला असता, त्यावर जरा जास्त उजेड टाकला असता. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे शिकवतात. तिनं तसं केलेलं नाही आणि ते न कळण्याइतकी ती कच्ची नव्हती.

मग कपांच्या खाली बघा. काय आहे? ढग. आता याच डेकमधले कपांचे बाकीचे पत्ते शेजारी मांडा. पंजीत तीन कप सांडलेत, दोन उभे आहेत, पण पाचही जमिनीवर. छक्कीत कपांत फुलं आहेत, तेही बहुतेक जमिनीवर. अठ्ठीत कप एकावर एक रचलेत आणि माणूस काठी घेऊन चालू लागलाय. चौक्कीत मोठी गंमत आहे: तीन कप गवतावर, आणि चौथा ढगातून आलेल्या हातात. म्हणजे या बाईच्या हिशेबात जे मिळालंय ते जमिनीवर आणि जे नुसतं दाखवलं जातंय ते ढगात. सत्तीत सातच्या सात ढगात आहेत. जमिनीवर एकही नाही.

स्मिथबाई नाटकवाल्यांत वावरलेल्या होत्या. लंडनच्या लायसियम थिएटरच्या मंडळींबरोबर त्या फिरल्या, रंगमंचाची कामं केली. हे कळलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, कारण तो पत्ता म्हणजे सरळसरळ पडदा आहे. आपल्याकडं बाबुराव पेंटर आणि आनंदराव पेंटरांनी संगीत नाटकांचे पडदे रंगवले, ती सगळी परंपरा मी ऐकत वाढलो. राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा, जंगलाचा. सरस कढवून त्यात पूड रंग कालवायचा, गरम असतानाच लावायचा, थंड झाला की गोळे धरतो. जवळून बघाल तर राजवाड्याचा खांब म्हणजे तपकिरी रंगाचे दोन फटकारे आणि कडेला पिवळ्या मातीची एक रेघ. केशवराव भोसले नाट्यगृहात (२०२४ च्या ऑगस्टमध्ये ते जळालं, त्याबद्दल आता नको) मागच्या रांगेत जाऊन बसलं की तोच खांब गोल व्हायचा, त्याला टेकून उभं राहावंसं वाटायचं. खांबाला गोल करतं ते अंतर.

तुमचा काळा माणूस त्या मागच्या रांगेत बसलाय. म्हणून माझ्या मते या पत्त्याला 'सातातला कुठला' हे विचारण्यात अर्थ नाही. उठून स्टेजवर जायचं आणि पडद्याला हात लावून बघायचा. गाळा असेल तर मालकाकडं जा, डिपॉझिट विचारा, संडास कुठं आहे ते बघा. लेथ असेल तर चालू करून दाखव म्हणा. हात लावू देत नाहीत ते आपोआप गळतील.

एकेका चित्राची जोडणी सोडून द्या. वेट यांनी कपांचा एकेकाचा अर्थ दिलेलाच नाही, नंतरच्यांनी लावलेत. फक्त मुकुटाच्या कपावर नजर लावून बघा, धातूवर कवटीसारखं काहीतरी दिसतं. एवढ्याशा जागेत ते घालायची काय गरज होती, पण बाईनं घातलं. (ऐंशी चित्रं काढून तिला मिळालं किती? मित्राला पत्रात लिहिते, काम मोठं आणि पैसे अगदी थोडे. आम्हा पेंटर लोकांना यात नवीन काही नाही.)

आणि ताई, तुम्ही सात मोजलेत. ज्यावर आत्ता तुमचं घर थोडंफार चालतंय ते ब्लाऊज आणि आरीचं काम सातांत कुठंच नाही. ते कुठल्या कपात बसवलंत?

सुईदोरा:
सर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी मिस्टरांना वाचून दाखवलं. ते नुसते हसले.

खरं सांगायचं तर ते काम मी धरलंच नव्हतं, कारण ते रोजचंच. लग्नसराईत रात्री दीड-दोनपर्यंत बसते. परवाच एका नवरीच्या शालूवरचा ब्लाऊज दिला. पाठीवर मोर होता, पिसारा दोन्ही खांद्यांवर गेलेला. तो मोर कशावरून उतरवलेला नव्हता, मीच काढला. बटर पेपरवर काढून रेघांवर सुईनं भोकं पाडून खाका टोचला, रॉकेलमध्ये पावडर कालवून कापडावर उतरवला, मग जरी आणि मणी. बाईंनी चार हजार दिले आणि वर पेढे.

अडचण आहे ती जागेची. फ्रेम मांडली की आतल्या खोलीचं दार उघडत नाही. मुलगा अभ्यासाला बसला की फ्रेम भिंतीला उभी करायची, आणि उभी केली की ताणलेलं कापड सैल पडतं. गल्लीतल्या दोन मुली हाताखाली यायला तयार आहेत, पण बसवू कुठं? म्हणून बुटीकचं डोक्यात आलं होतं, पण बोलता बोलता त्याला काचेचं दार, एसी आणि पुतळे लागले.

पण सर, एक विचारू? मग माणसानं स्वप्न बघायचंच नाही का? तो मोरसुद्धा आधी डोक्यातच होता की.

पडदेवाला:
छे छे, बघायचं की. मी तसं म्हटलेलंच नाही. स्मिथबाई संगीत ऐकताना डोळ्यांपुढं जे येईल ते रंगवत असत आणि १९०७ मध्ये न्यूयॉर्कला आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या गॅलरीत त्यांची चित्रं लागली होती. कल्पनेची निंदा ती बाई कशाला करेल? बाबुराव पेंटरांनी तर पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला. डोक्यात आला म्हणून तो बनला, पण बनला तो वर्कशॉपात.

तुमच्या मोराला तुम्ही खाका टोचलात. एसी आणि पुतळ्यांना कुणी टोचलाय? बुटीक बाजूला ठेवा आणि नुसती एक खोली शोधा. फ्रेम कायम मांडून ठेवता येईल, दोन मुली बसतील, खिडकी उत्तरेला असली तर सोन्याहून पिवळं, रंग खरा दिसतो. मंगळवार पेठेतच गल्लीबोळात बघा, राजारामपुरीचं भाडं कशाला? तुमचं गिऱ्हाईक मोर बघून येतंय, काचेचं दार बघून येत नाही.

जमाखर्च:
अकाउंट्सचं काम करतो. पत्त्यांबद्दल काही बोलत नाही, दोन कपांबद्दल बोलतो.

स्कीम: महिन्याला ५ टक्के म्हणजे आठ लाखांवर महिन्याला ४०,००० रुपये, वर्षाला ४,८०,०००. व्याज तसंच ठेवून चक्रवाढ धरली तर वर्षाचे जवळजवळ ८० टक्के होतात. बँकेच्या एफडीत सात टक्क्यांच्या आसपास मिळताना मारामार. जो कुणी तुम्हाला ८० टक्के देणार आहे, त्याला स्वतःला त्याहून जास्त मिळवावे लागतील, दरवर्षी, न चुकता. असा धंदा ज्याच्याकडं आहे तो जाऊबाईंच्या दारात पैसे मागायला येईल का? पहिले काही महिने पैसे वेळेवर येतात, ते नंतर आलेल्यांच्या पैशातून. कोल्हापूर जिल्ह्यात हे काय पहिल्यांदा होत नाही.

विचारायचं एकच: सेबीचा (शेअर बाजार आणि गुंतवणूक योजनांवर देखरेख करणारी संस्था) किंवा रिझर्व्ह बँकेचा नोंदणी क्रमांक. मिळाला तर त्यांच्याच वेबसाइटवर जाऊन तपासायचा, एजंटच्या मोबाईलवर नाही. स्टॅम्प पेपरवरचा करार म्हणजे नोंदणी नव्हे, त्यात लोक फार फसतात. बिगरनोंदणी ठेवी घेण्यावर केंद्राचा २०१९ चा कायदाच आहे.

फ्लॅट: महारेराचा (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) क्रमांक बघा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉट आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट, असं दोन्ही असेल तर नोंदणी लागतेच. आणि विक्रीचा करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. बुकिंगलाच पंचवीस टक्के मागत असेल तर उठून या.

शुक्रवारपेठकर:
पडदेवाले सर, तुमचं वाचन आवडलं, विशेषतः चौक्कीचं. पण मधल्या कपातली ती पांघरलेली आकृती तुम्ही फारच झटकन सोडलीत. हात पसरून उभी आहे, भोवती लाल प्रभा आहे, आणि सातांत तीच एक अशी की आत काय आहे ते दिसत नाही. अनेक वाचक तिला स्वतःचीच न उघडलेली बाजू मानतात. मी पण मानते. सगळंच पडद्यावर ढकललं तर तिचं काय करायचं?

सुईदोराताई, कोर्सबद्दल. क्लास मीच घेते, तरी सांगते, आत्ता फी भरू नका. एक डेक विकत घ्या आणि सरांसारखं बघत बसा. सहा महिन्यांनी ओढ राहिली तर शिका. आणि 'तुझ्यात शक्ती आहे' म्हणून फी मागतात त्यांच्यापासून चार हात लांब.

पडदेवाला:
बाई, तुमचा मुद्दा बरोबर आहे. तिला मी सोडली कारण मला ती अजून कळलेली नाही. पांघरुणाच्या घड्या बाईनं अशा काढल्यात की आत शरीर आहे असं वाटतं, आणि तोंड झाकलेलं. बघतोय अजून.

सुईदोरा:
मंडळी, थोडं पुढचं सांगते. मागच्याच गल्लीत एका आजींची रस्त्याकडची खोली रिकामी आहे, पूर्वी त्यांचं पिठाच्या गिरणीचं सामान होतं तिथं. बघून आले. खिडकी आहे, उत्तर-दक्षिण काही बघितली नाही. भाडं साडेतीन हजार म्हणाल्या, डिपॉझिट वीस. भिंतीला अजून पीठ आहे.

स्कीमच्या एजंटला जाऊबाईंच्या समोरच नोंदणी क्रमांक विचारला. त्यानं हॉटेलातल्या सत्काराचा फोटो पाठवला, हार वगैरे घातलेले. क्रमांक 'उद्या देतो' म्हणाला. जाऊबाई माझ्यावर रुसल्यात, कारण त्यांनी दीड लाख आधीच घातलेत आणि दोन महिने व्याज आलंय. त्यांना कसं सांगू?

जमाखर्च:
सांगत बसू नका, वाद होईल. त्यांना म्हणा, व्याज येतंय तर चांगलंच आहे, आता मुद्दल मागून बघा. अर्धं जरी परत दिलं तर घ्या आणि गप्प बसा. 'मुदत संपल्यावर' असं उत्तर आलं तर करार, पैसे पाठवल्याच्या बँकेच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज यांच्या प्रती आजच काढून ठेवायला सांगा. रोख दिले असतील तर पावती आहे का ते बघा. पुढं पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जायची वेळ आली तर ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, पण तिथं कागद लागतात. आणि एजंट ओळखीतला असला तरी हे सगळं फोनवर बोलू नका, मेसेजवर विचारा. उत्तर लेखी राहतं.